बाळाचे पाय पाळण्यात दिसत नाहीत!

मॉलमधलं मशीन म्हणतं, पाय ‘फ्लॅट’ आहे. स्टॉलवाला म्हणतो, इनसोल घ्या. आजी म्हणते, तेलाने मालिश करा. पण चार वर्षांच्या पायाची कमान मोजायची कशी, आणि मोजल्यावर त्या आकड्याचं करायचं काय? घरातल्या दोन पावलांची ही गोष्ट.

रविवारी रात्री साडेदहाला ताईचा फोन आला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. एरवी त्या वेळेला ती पिल्लूला झोपवता झोपवता स्वतःच झोपून गेलेली असते. त्या दिवशी मात्र आवाज एकदम टेन्शनमधला.

‘अगं, पिल्लूचे पाय फ्लॅट आहेत. दोन्ही.’

झालं होतं असं, की संध्याकाळी ताई, भावोजी आणि माझी चार वर्षांची भाची मॉलमध्ये गेले होते. तळमजल्यावर एक स्टॉल, त्यावर पाटी: फ्री फूट स्कॅन. काचेवर उभं राहायला मिळतंय म्हटल्यावर पिल्लू जाम खूश! स्क्रीनवर लाल-पिवळ्या-निळ्या रंगात दोन पावलं उमटली. चवड्यापासून टाचेपर्यंत सलग. मध्ये कुठे खाच म्हणून नाही. स्टॉलवरच्या मुलाने चेहरा गंभीर केला आणि सांगितलं, ‘मॅडम, आर्च झीरो आहे.’ त्यापाठोपाठ पुढे काय काय बिघडू शकतं त्याची यादी आली. गुडघे, कंबर, पाठ. शेवटी उपाय. मापाने बनवून मिळणारे इनसोल, साडेसहा हजार रुपये. पाय वाढेल तसे दर वर्षी नवे.

‘आज रात्री बुक केलं तर वीस टक्के ऑफ आहे. करू का?’ ताई म्हणाली. मग जरा थांबून हळूच, ‘माझंच काही चुकलं का गं? पहिल्या वाढदिवसाला फोटोसाठी मी तिला ते टणक बूट घातले होते...’

मी गप्प. कारण आमच्या घरातला सपाट पायांचा हा काही पहिला एपिसोड नव्हता. पहिला एपिसोड माझा होता.

ते काळे बूट

साल २००२. मी पाच वर्षांची. कुणीतरी आईला सांगितलं की हिचे तळवे सपाट आहेत, आत्ताच काही केलं नाही तर पुढे पस्तावाल. मग आले ‘ते’ बूट. काळे, जड, घोट्याच्या वरपर्यंत येणारे आणि आतून कमानीच्या जागी टणक उंचवटा असलेले. तीन वर्षं मी ते घातले. शाळेत, घरी, अगदी मामाच्या लग्नात गुलाबी फ्रॉकखालीसुद्धा! लंगडीत मी कायमची कच्चा लिंबू. दुपारच्या सुट्टीत पोरं मला ‘रोबो’ म्हणायची. रात्री आई टाचेवरच्या फोडाला खोबरेल लावायची आणि म्हणायची, ‘थोडेच दिवस गं राणी.’ दर वर्षी नवा जोड, तोही हप्त्यांवर. त्या तीन वर्षांत आईने स्वतःसाठी एकही साडी घेतली नाही, हे मला खूप नंतर कळलं.

आठव्या वर्षी माझ्या पावलांना छान कमान दिसायला लागली. घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. बुटांचा विजय असो!

ताईचा फोन ठेवला आणि पहिल्यांदाच मनात आलं, विजय नक्की बुटांचाच होता ना?

कमान म्हणजे नक्की काय?

अंघोळ करून ओल्या पायांनी बाहेर या आणि फरशीवर उमटलेलं स्वतःचं पाऊल बघा. पुढे चवडा, मागे टाच आणि बाहेरच्या कडेने दोघांना जोडणारी एक पट्टी. आतल्या बाजूला मात्र कोरडी जागा. त्या कोरड्या जागेच्या वर जी पोकळी आहे, ती तुमची कमान.

एका पावलात २६ हाडं असतात. त्यांना एकत्र धरून ठेवतात लिगामेंट्स, म्हणजे अस्थिबंध, आणि जोडीला स्नायू. ही कमान जुन्या दगडी पुलासारखी घट्ट नसते. ती स्प्रिंगसारखी वागते. वजन पडलं की थोडी बसते, पाऊल उचललं की पुन्हा वर येते. दिवसभरात हजारो वेळा, तेही आपल्याला पत्ता न लागता.

आता बाळाचा पाय घ्या. ज्या गुबगुबीत तळव्याचे आपण मुके घेतो, त्याच्या मधोमध चरबीची गादी असते. ती कमानीची जागा भरून टाकते. आतली बरीचशी हाडं अजून हाडं झालेलीच नसतात, ती मऊ कूर्चेची असतात. कमानीच्या माथ्याशी बसणारं नॅव्हिक्युलर नावाचं हाड तर सगळ्यात शेवटच्यांपैकी एक. ते साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास हाडात बदलू लागतं. शिवाय लिगामेंट्स सैल. पोरं स्वतःच्या पायाचा अंगठा आरामात तोंडात घालतात ते उगाच नाही! असा लवचिक पाय जमिनीवर टेकला, अंगाचा भार त्यावर आला की तो पसरणारच. मागून पाहिलं तर घोटेही आत झुकल्यासारखे दिसतात.

म्हणजे आपल्याकडे म्हणतात ना, बाळाचे पाय पाळण्यात दिसतात? पायाच्या कमानीला तरी ही म्हण लागू नाही. पाळण्यात तर नाहीच, बालवाडीतही दिसेलच असं नाही.

टाच, मध्य आणि एक भागाकार

कमान मोजायचे प्रकार पुष्कळ आहेत. शाईचे ठसे, रबरी जाळीच्या मॅटवर उमटवलेले ठसे, एक्स-रेवर मोजलेले कोन, मॉलमधल्यासारख्या दाब मोजणाऱ्या प्लेट्स, थ्रीडी स्कॅन. त्यातला एक फंडा मात्र इतका सोपा आहे, की सातवीचं गणित येणाऱ्या कुणालाही जमावा.

तो वापरला अमेरिकेत सिएटलमध्ये मुलांच्या हाडांवर काम करणाऱ्या लिन स्टाहेली यांनी. पावलाच्या ठशावर दोन मापं घ्यायची. एक, मधल्या भागाची सगळ्यात कमी रुंदी. दोन, टाचेची सगळ्यात जास्त रुंदी. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. बस्स! उत्तर जितकं लहान, तितकी कमान उंच. उत्तर एकच्या वर गेलं, म्हणजे पावलाचा मधला भाग टाचेहूनही रुंद.

स्टाहेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ४४१ जणांच्या ८८२ पावलांचे ठसे असे मोजून प्रसिद्ध केले. वय किती? एक वर्षापासून ऐंशीपर्यंत! आणि निघालं काय? तान्ह्या मुलांमध्ये सपाट पाय हाच नियम. जरा मोठ्या मुलांमध्ये तो सर्रास. आणि मोठ्या माणसांमध्येही तो नॉर्मलच्या मर्यादेत बसू शकतो. कमान आपोआप आकाराला येते ती आयुष्याच्या पहिल्या दशकात, हळूहळू. शिवाय प्रत्येक वयाला नॉर्मलचा पट्टा चांगलाच रुंद निघाला. उंचीसारखाच. वर्गात सगळी मुलं एका उंचीची असतात का? मग सगळ्यांच्या कमानी एकाच मापाच्या कशा असतील?

दुसऱ्या दिवशी ऑफिसं आटोपल्यावर मी ताईकडे धडकले. हातात वह्यांना घालायच्या खाकी कव्हरचा कागद, पट्टी आणि पेन्सिल. पिल्लूला वाटलं, ड्रॉइंगचा क्लास आहे.

घरच्या घरी असं मोजा

१. खाकी कागद कडक फरशीवर पसरा. गादी किंवा सतरंजीवर नको.

२. परातीत थोडं पाणी घ्या. तळवा ओला करून जास्तीचं पाणी निथळू द्या.

३. मुलाला दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, समोर बघत, कागदावर सरळ उभं करा. एका पायावर नको आणि चालतानाही नको. दर वेळी पद्धत एकच ठेवा, नाहीतर दोन ठशांची तुलनाच होणार नाही.

४. पाऊल उचललं की ठसा वाळायच्या आत कडेने पेन्सिल फिरवा.

५. मधली सगळ्यात कमी रुंदी आणि टाचेची सगळ्यात जास्त रुंदी मोजा. भागाकार करा. कागदावर तारीख आणि वय लिहा.

६. दोन्ही पायांचं वेगवेगळं माप घ्या. दोघांत मोठा फरक दिसला तर तो लक्षात ठेवा.

पिल्लूचा उजवा पाय: मध्य ४.२ सेंटिमीटर, टाच ४ सेंटिमीटर. उत्तर १.०५. डावा जवळपास तसाच. मग माझा नंबर. ३.३ भागिले ५.१, उत्तर ०.६५. ‘बघ, बुटांची कमाल!’ भावोजी म्हणाले.

‘ताई, तू ये,’ मी म्हटलं.

ताईने नाइलाजाने पाय ओला केला. ४.६ भागिले ५.२. उत्तर ०.८८! आमची ताई, जी महिन्यातून दोनदा सिंहगड चढते, जिला आयुष्यात कधी पायाचं काही दुखलं नाही, जिच्या पायाला कुणी कधी पट्टी लावली नाही, तिचा पाय माझ्यापेक्षा चांगलाच सपाट निघाला. आणि तरीही मोठ्यांच्या नॉर्मलमध्येच.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. मला बूट मिळाले, कारण मला कुणीतरी तपासलं. तिला मिळाले नाहीत, कारण तिला कुणी तपासलंच नाही.

आकडा तोच, अर्थ वेगळा

आता १.०५ म्हणजे वाईट का? मोठ्या माणसाच्या फूटपट्टीने मोजलं तर हो. चार वर्षांच्या फूटपट्टीने मोजलं तर नाही. खरी गोम इथेच आहे. मुलाच्या पायाचा एक आकडा म्हणजे सिनेमातलं एक फ्रेम. हीरो खाली पडलेला दिसतो, पण तो पुढे उठणार आहे की नाही, हे त्या एका फ्रेमवरून कसं कळणार?

ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये ३ ते ६ वर्षांच्या ८३५ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. लवचिक सपाट पाय किती जणांत सापडला? ४४ टक्के! पण वयाप्रमाणे वेगळं करून पाहिलं तर तीन वर्षांच्यांमध्ये ५४ टक्के आणि सहा वर्षांच्यांमध्ये २४ टक्के. तीन वर्षांत निम्म्याहून कमी. मुलींपेक्षा मुलांमध्ये प्रमाण जास्त होतं आणि वजन जास्त असलेल्या मुलांमध्येही जास्त होतं. खरोखर आजार म्हणावा असा पाय किती जणांत? एका टक्क्याहूनही कमी. आणि गंमत बघा, त्यातली साधारण दहा टक्के मुलं बुटात आर्च सपोर्ट घालत होती.

म्हणजे शंभर मुलांतल्या एखाद्याला गरज असेल-नसेल आणि वापरणारी दहा. मॉलमधल्या स्टॉलचं गणित आलं ना लक्षात? स्कॅनर खोटं बोलत नव्हता. पावलाचा मधला भाग टेकतो आहे, एवढंच तो दाखवत होता. ‘झीरो’चा अर्थ लावणारा माणूस मात्र इनसोल विकत होता.

बुटांचा विजय?

पण मग माझं काय? बूट घातले आणि कमान आली, हे तर घरातल्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

इथे एक जुना प्रयोग कामाला येतो. अमेरिकेतल्या डेनिस वेंगर आणि सहकाऱ्यांनी तो १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. लवचिक सपाट पाय असलेली १ ते ६ वर्षांची १२९ मुलं घेतली. त्यांचे चार गट पाडले. एका गटाला खास ऑर्थोपेडिक बूट, दुसऱ्याला टाचेखालचा कप, तिसऱ्याला पायाच्या मापाचे प्लास्टिक इनसोल. चौथ्या गटाला? काहीही नाही. किमान तीन वर्षं हे चाललं. ९८ मुलं शेवटपर्यंत टिकली. मग त्यांचे एक्स-रे तपासले.

सगळ्या गटांचे पाय सुधारले होते. सगळ्या म्हणजे सगळ्या! ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांचेही, आणि बाकीच्यांच्याइतकेच.

वाचून मी लॅपटॉप बंद केला. तीन वर्षं, जड बूट, १ ते ६ मधलं वय. ही तर माझीच गोष्ट होती. पाचव्या वर्षी बूट आले आणि आठव्या वर्षी कमान आली. मधल्या काळात मी वाढत होते. श्रेय मात्र बुटांनी खाल्लं. पावसाळ्यात बेडकांनी डराव डराव केलं म्हणून पाऊस पडला म्हणण्यासारखंच.

आणि सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. हा प्रयोग प्रसिद्ध झाला १९८९ मध्ये. माझे बूट आले २००२ मध्ये. तेरा वर्षं ही माहिती जगात होती. आमच्या आईपर्यंत ती पोहोचली नाही, एवढंच.

त्यानंतरही अभ्यास झालेत. २०२२ मध्ये ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या आढाव्यात १६ प्रयोग आणि १०५८ मुलांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्या मुलांना काही त्रासच नाही, त्यांना महागडे, मापाने बनवलेले इनसोल द्यावेत असं म्हणायला त्यातूनही ठोस आधार मिळाला नाही. पाय दुखत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधाराचा विचार डॉक्टर करू शकतात. पण तो दुखण्यासाठी, कमान ‘बनवण्यासाठी’ नव्हे.

चवड्यांवर उभं राहून दाखव बघू!

मग काय, सपाट पायाकडे बघायचंच नाही? तसंही नाही. फक्त प्रश्न बदलायचा. ‘कमान किती आहे?’ यापेक्षा ‘पाय लवचिक आहे का?’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

त्यासाठीची टेस्ट पट्टीशिवाय होते. मुलाला चवड्यांवर उभं राहायला सांगा आणि मागून बघा. कमान उठून दिसली आणि टाच आतल्या बाजूला वळली, तर पाय लवचिक. दुसरी युक्ती: मूल उभं असताना त्याच्या पायाचा अंगठा अलगद वर उचला. कमान वर येते का? तिसरी तर आणखी सोपी. मुलाला कट्ट्यावर बसवा, पाय लोंबकळू द्या. उभं असताना गायब असलेली कमान बसल्यावर दिसली, तर ती हरवलेली नाही, फक्त भाराखाली दबलेली आहे.

पिल्लूला चवड्यांवर उभं राहायला सांगितलं तर ती ‘बॅले, बॅले’ करत अख्ख्या हॉलमध्ये फिरली. आणि तळव्यांखाली दोन सुंदर कमानी! ताई खाली बसून बघतच राहिली.

आपल्याकडे सपाट पाय म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: ‘मिलिटरीत घेत नाहीत हं!’ पण तिथेही प्रश्न लवचिकतेचाच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॅरिस आणि बीथ या डॉक्टरांनी कॅनडाच्या ३६१९ सैनिकांचे पाय तपासले. १९४७ मध्ये अहवाल आला. निष्कर्ष असा, की नुसता लवचिक सपाट पाय सहसा त्रास देत नाही. त्रास होतो तो टाचेमागची शीर आखडलेली असेल किंवा पाय ताठर असेल तेव्हा. एनडीएच्या वैद्यकीय निकषांतही हाच धागा दिसतो. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान परत दिसत असेल, चवड्यांवर नीट धावता आणि उड्या मारता येत असतील, पाय लवचिक असेल आणि दुखत नसेल, तर उमेदवार चालतो. ताठर पाय चालत नाही. घरात कुणी तयारी करत असेल तर त्या वर्षीची जाहिरात वाचून खात्री करून घ्यावी, हे आलंच.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

खालीलपैकी काहीही दिसलं तर मॉल नाही, बालअस्थिरोगतज्ज्ञ गाठायचा.

पाय, घोटा किंवा पोटरी वारंवार दुखते. मूल खेळता खेळता बसतं किंवा ‘उचलून घे’ म्हणतं.

चवड्यांवर उभं राहिल्यावरही कमान येत नाही, पाय ताठर वाटतो.

एकच पाय सपाट आहे किंवा दोन पायांत ठळक फरक आहे.

आधी कमान होती आणि आता कमी होत चालली आहे. शाळकरी किंवा टीनएज वयात पाय दुखून ताठर होऊ लागला, तर पावलातली दोन हाडं एकमेकांना जोडलेली असू शकतात. ती तपासणी व्हायलाच हवी.

मूल लंगडतं, सारखं पडतं किंवा टाच नीट जमिनीला टेकतच नाही.

आम्हीही जाऊन आलो. डॉक्टरांनी पिल्लूला चालवलं, चवड्यांवर उभं केलं, बोटं आणि गुडघे किती वाकतात ते पाहिलं, टाचेमागची शीर तपासली. दहा मिनिटं. मशीन नाही, एक्स-रे नाही. काही करायची गरज नाही, दुखलं तर या, असं सांगून सोडलं. ताईने दोनदा विचारलं, ‘म्हणजे खरंच काहीच नाही करायचं?’ आईबापांना सगळ्यात अवघड औषध हेच असावं, काही न करण्याचं.

अनवाणी फंडा

एक गोष्ट मात्र करता येते, आणि ती फुकट आहे.

यू. बी. राव आणि कर्नाटकातल्या मणिपालचे बालअस्थिरोगतज्ज्ञ बेंजामिन जोसेफ यांनी १९९२ मध्ये ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे अभ्यासले. बूट-चप्पल घालणाऱ्या मुलांमध्ये सपाट पायाचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, अनवाणी मुलांमध्ये २.८ टक्के. पुढून बंद बूट घालणाऱ्यांपेक्षा चपला-सँडल घालणाऱ्यांची स्थिती बरी. सैल सांध्यांच्या मुलांमध्ये हा फरक सगळ्यात ठळक. १९९५ मध्ये जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्याने १८४६ प्रौढांचे ठसे पाहिले. सहाव्या वर्षाच्या आत बूट घालायला लागलेल्यांत सपाट पाय ३.२४ टक्के. सोळाव्या वर्षी पहिल्यांदा बूट घातलेल्यांत १.७५ टक्के. लहानपणी रोज आठ तासांहून जास्त वेळ पायात काही घालणाऱ्यांमध्ये प्रमाण सगळ्यात जास्त.

आता लगेच पोरांचे बूट भंगारवाल्याला देऊ नका! ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. अनवाणी वाढणाऱ्या आणि बुटात वाढणाऱ्या मुलांच्या आयुष्यात इतरही पुष्कळ फरक असतात. शिवाय आपल्या रस्त्यांवरच्या काचा, खिळे आणि एप्रिलमधलं डांबर विसरून कसं चालेल? आणि हो, शंभरातल्या आठ-नऊ सपाट पायांपैकीही बहुतेक दुखत नाहीत. एका वाढदिवसाच्या बुटांनी कुणाची कमान मोडत नाही. ताईला मी हे तीनदा सांगितलं.

पण मूल घरात असताना, सोसायटीच्या हिरवळीवर, वाळूत, आजोळच्या अंगणात पाय मोकळे असले तर नुकसान काहीच नाही. शाळेचे काळे बूट आणि पीटीचे पांढरे कॅनव्हास तर घालावेच लागतात. ते घेताना बघायचं इतकंच: पुढे बोटं हलवायला जागा, तळवा चवड्यापाशी सहज वाकणारा आणि वजन हलकं. आणि घरी आल्या आल्या बूट-मोजे काढून टाकायचे. इनसोलच्या साडेसहा हजारांत पिल्लूचं स्विमिंग बसतं, हा हिशेब भावोजींनी केला.

आईला सांगायचं का?

माझ्यापुढे प्रश्न उरला होता एकच. आईला सांगायचं का, की तुझ्या हप्त्यांची, माझ्या फोडांची, त्या तीन वर्षांची गरजच नव्हती?

शेवटी सांगितलं. गौरी यायच्या आदल्या संध्याकाळी, ताईकडे, फराळाचं करता करता. आई बराच वेळ काही बोलली नाही. करंजीची कड मुरडत राहिली. मग म्हणाली, ‘तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तुला लंगडी खेळता आली असती गं.’ साडीबद्दल एक शब्द नाही. हप्त्यांबद्दल नाही. तिला आठवली ती लंगडी.

दुसऱ्या दिवशी दारापासून देव्हाऱ्यापर्यंत गौरीची पावलं काढायची होती. आईने पिल्लूला शिकवलं. मूठ वळायची, तिची कड तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बुडवून फरशीवर टेकवायची, मग बोटाच्या टोकाने पाच ठिपके. पिल्लूने सात-आठ काढली. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने स्वतःचाच पाय पिठाच्या वाटीत बुडवला आणि गौरीच्या पावलाशेजारी ठेवला. दोन्हीकडे निरखून बघितलं.

‘मावशी, गौरीच्या पावलाला खाच आहे. माझ्या नाही.’

मी काही बोलायच्या आत ताईच म्हणाली, ‘तुझी वाटेत आहे, बाळा. येईल सावकाश.’

तो खाकी कागद ताईने जपून ठेवलाय. पुढच्या जूनमध्ये वह्यांना कव्हरं घालू, तेव्हा शेजारी दुसरा ठसा घ्यायचा, असं ठरलंय.